लीझेलच्या हातचे सिगार

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझ्या पोटात दागिने नाहीत, खेळणी नाहीत. माझ्यात सिगार ठेवतात. सिगार म्हणजे तंबाखूच्या पानांची जाडजूड विडीच म्हणा. तुम्ही तिच्या वाटेला कधी जाऊ नका. मग हिची गोष्ट ऐकायची तरी कशाला, असं तुम्ही विचाराल. ऐका, कारण ही गोष्ट तंबाखूची नाही. ती आमच्या कुंदाताईंची आहे.

माझा जन्म जर्मनीतल्या ब्युंडे गावचा. त्या काळी तिथे घरोघरी बायका सिगार वळत असत. एका सुताराने मला सुवासिक सिडार लाकडातून घडवलं. झाकण त्याने इतकं नेमकं बसवलं, की मला मिटताना आतली हवा हळूच सुस्कारा टाकत बाहेर पडे. लीझेल नावाच्या मुलीने मला विकत घेतलं, आणि लग्न होऊन ती एर्लांगेनला आली तेव्हा तिच्या सामानात मी होते.

लीझेलची बोटं मी कशी विसरेन? ओल्या फडक्यातून ती तंबाखूचं एकेक पान काढी, मधली शीर अलगद सोडवी आणि असं गुंडाळी की जोड कुठे आहे ते शोधूनही सापडू नये. तिचे यजमान, ब्रांडल आजोबा, कारखान्यात पोलादी अवजारं घडवत. ते दर रविवारी एक सिगार ओढत आणि म्हणत, "माझ्या हातात पोलाद वाकतं, पण हे मला जमायचं नाही."

पुढे लीझेल आजारी पडली. उठवत नव्हतं तरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने शेवटचे काही सिगार वळले, माझ्यात ठेवले आणि थोड्याच दिवसांत ती गेली. त्यानंतर आजोबा वर्षातून एकच सिगार ओढत. तिच्या वाढदिवसाला, बागेत, एकटे बसून. बाकीचं वर्ष मी त्यांच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, भिंतीपासून जरा सुटी अशी फळीवर असे.

वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेलं एक कुटुंब राहत होतं. हरीशराव वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. कुंदाताई त्यांच्या पत्नी आणि स्वानंदी त्यांची लेक. २००५ सालच्या डिसेंबरात आजोबा दारासमोरच्या बर्फावरून घसरून पडले आणि त्यांचं कमरेचं हाड मोडलं. आवाज ऐकून कुंदाताई धावत आल्या आणि अँब्युलन्स येईपर्यंत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बर्फातच बसून राहिल्या. आजोबा थंडीने कुडकुडत होते, तरी ताईंना ‘फ्राऊ’, म्हणजे बाई, अशी हाक मारत एकच घोकत होते, "फ्राऊ कुंदा, केलरमधली पेटी... तेवढी सांभाळाल ना?"

"सांभाळते. शब्द देते. तुम्ही बोलू नका आता," ताई म्हणाल्या.

त्यांना वाटलं, कागदपत्रं असतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं झाकण उघडलं आणि त्यांचा चेहराच उतरला. शेजारी उभ्या असलेल्या स्वानंदीने नाक दाबलं. "ममा, दास श्टिंक्ट!" म्हणजे किती घाण वास येतोय, असं म्हणून ती जिना चढून पळाली. ताईंनी मला खाडकन मिटलं. मी घाबरले. तेव्हा मला मराठी कळत नव्हतं, पण हातांची भाषा कळते. त्या हातांना माझी किळस आली होती.

कारण मला पुढे समजलं. ताईंचे वडील, यशवंत मास्तर, शाळेत चित्रकला शिकवत. तंबाखूच्या व्यसनाने त्यांना तोंडाचा कॅन्सर झाला. शेवटी शेवटी त्यांना घोटभर पाणीही गिळता येत नव्हतं. ताईंनी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं.

हॉस्पिटलमध्ये भेटायला गेल्यावर त्यांनी आजोबांना तोंडावर विचारलं, "हे विष मी सांभाळायचं? माझे वडील यानेच गेले हो."

आजोबांनी ताईंना खुर्चीवर बसवून घेतलं. मग म्हणाले, "तुमचा राग खरा आहे. पण ते मी विकत आणलेले नाहीत. माझ्या बायकोने वळलेत. तिच्या हातचं आता माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही."

ताई घरी आल्या त्या सरळ केलरमध्ये उतरल्या. या वेळी त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं.

तेव्हापासून त्या नेमाने खाली येऊ लागल्या. आत ओलावा दाखवणारी छोटी तबकडी असते, ती बघत. हरीशरावांनी त्यांना समजावलं होतं, "थंड हवेत पाणी कमी मावतं. म्हणून उन्हाळ्याइतकंच पाणी ठेवलंस, तर हिवाळ्यात आत बुरशी धरेल." तबकडीचा काटा चढलेला दिसला की ताई आतली पाण्याची डबी काढून ठेवत आणि उतरला की डिस्टिल्ड पाण्याचे मोजके थेंब घालत. नाकाला ओढणी बांधून करत, पण चुकवत नसत. आवडीच्या माणसाची आवडीची वस्तू कुणीही जपेल. नावडती वस्तू अशी जपणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

जानेवारीत थंडीने कहर केला. एके दिवशी कुणीतरी बर्फ ओढताना फावडं लागून केलरच्या खिडकीची काच फुटली. बाहेरचा गोठवणारा वारा थेट माझ्यावर येऊ लागला. अंग आखडत चाललं. पानातला ओलावा गोठला की पान तडकतं, आणि तडकलेलं पान पुन्हा सांधता येत नाही. लीझेलची कारागिरी माझ्याच पोटात फुटणार, या विचाराने माझा जीव कासावीस झाला.

सकाळी ताईंनी ते पाहिलं आणि हाक मारली, "हरीश, लवकर ये! खाली पार बर्फ झालंय."

"आण तिला वर. हीटिंगजवळ ठेवू, दहा मिनिटांत ऊब येईल," ते घाईघाईने म्हणाले.

ताईंनी मला उचललंही, पण पायरीवरच थांबल्या. "एवढ्या गारठ्यातून एकदम गरम खोलीत? फ्रीजमधली बाटली बाहेर काढली की कसं पाणी सुटतं! थांब, आधी त्यांना विचारते."

आजोबांनी फोनवर सांगितलं, "लांगझाम, फ्राऊ कुंदा, लांगझाम. सावकाश. आणि झाकण अजिबात उघडू नका."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" हरीशराव कपाळावर हात मारून म्हणाले. "घाईत माझ्या डोक्यातच आलं नाही."

त्यांनी खिडकीला फळी ठोकली. ताईंनी स्वानंदीला आखूड झालेला जाड स्नोसूट आणला, त्यात मला घातलं आणि बाह्यांची गाठ मारली. आधी त्यांनी मला कपडे धुण्याच्या खोलीत ठेवलं, काही दिवसांनी जिन्यात आणि मग घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात. रोज त्या बाहेरून हात फिरवत आणि पुटपुटत, "आत काय झालंय कोण जाणे!" पण एकदाही त्यांनी झाकण उचललं नाही. उघडून बघण्यापेक्षा न उघडता थांबणं किती अवघड असतं, ते मला त्या दिवसांत कळलं.

वसंतात आजोबा चाकांच्या वॉकरचा आधार घेत चालत घरी आले. ताईंनी मला त्यांच्यासमोर ठेवलं आणि स्वतः दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. झाकण उघडलं, सुस्कारा निघाला. आजोबांनी एकेक सिगार कानाशी नेऊन हलकेच दाबला. एकही तडकला नव्हता. त्यांनी ताईंना जवळ बोलावून एक सिगार त्यांच्या तळहातावर ठेवला. ताईंनी तो उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिला.

"याचा जोड कुठाय हो?"

"तो अजून मलाही सापडलेला नाही," आजोबा म्हणाले.

"काय हात होता तुमच्या लीझेलचा!" ताई म्हणाल्या, आणि ओढणी नाकाला नव्हे, डोळ्यांना लावली.

पुढे वर्षाला एक असे सिगार सरत गेले आणि २००९ साली शेवटचा उरला. त्या वाढदिवसाला आजोबा बागेत बसले, पण त्यांनी काडी ओढली नाही. मला हातात घेऊन ते एकेक पायरी चढत वर आले आणि त्यांनी मला ताईंच्या टेबलावर ठेवलं.

"हा तुमच्याकडे राहू द्या."

"अहो, पण मी तर कधीच ओढणार नाही!"

"म्हणूनच," आजोबा म्हणाले.

मित्रांनो, आता मी ताईंच्या कपाटात राहते. त्या अजूनही तबकडी बघतात, अजूनही तंबाखूचा राग करतात. तुमच्याकडेही कुणी आपली ठेव सोपवली, तर ती तुम्हाला आवडते की नाही, एवढ्यावरून तिची किंमत करू नका. ती जिवापाड का जपायची, हे सोपवणाऱ्याला विचारा, आणि मग दोन्ही हातांनी उचला.