माळ उतरली, कावीळ नाही

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी पेशी आहे. श्रीपूरच्या गुरप्पांच्या रक्तात माझा मुक्काम असतो. खरं तर एकटी पेशी इतकी वर्षं टिकत नाही. आमच्या एकीच्या दोन होतात, दोघींच्या चार. पण आठवण तीच राहते, म्हणून मी ऐटीत 'मी'च म्हणते.

गुरप्पा दहा वर्षांचे असताना त्यांना 'बी' प्रकारची कावीळ झाली. तिचा विषाणू मी ओळखला आणि चांगला झोडपला. इकडे त्यांच्या आईने, बसम्मांनी, त्यांच्या डोक्यावर काविळीची माळ ठेवली. माळेतल्या काड्या सुकल्या, गाठी सैल झाल्या आणि माळ लांबत लांबत पायातून उतरली. कावीळ उतरली म्हणून पथ्य सुटलं, घरात पुरणपोळी झाली. विषाणू मात्र यकृतात दडी मारून बसला होता. मला ते ठाऊक होतं, पण माझं ऐकतो कोण?

पुढे गुरप्पा साखर कारखान्यात वजनकाट्यावर लागले. चाळीस वर्षं मी विषाणूला आवरून धरलं. गेल्या वर्षी त्याच विषाणूमुळे यकृतात कर्करोगाची गाठ निघाली. मला थांबवणारी एक कळ, म्हणजे बटणच, माझ्याच अंगावर आहे. ती हवीच, नाहीतर आम्ही चांगल्या पेशींनाही चोप देऊ. गाठीने नेमकी तीच दाबून धरली. शत्रू समोर आणि मी ढिम्म. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

सोलापूरच्या डॉक्टर नाजनीन यांनी सलाईनमधून औषध दिलं. ते सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही, पण इथे पडलं. गाठीने दाबलेली कळ सुटली आणि मी कामाला लागले. गाठ आता निम्मी झाली आहे. उरलेली अजून आहे, आणि मीही आहे.

डॉक्टरांना घोर होता तो गुरप्पांच्या मुलीचा, चेतनाचा. हा विषाणू रक्तातून घरच्यांनाही लागू शकतो, म्हणून तिचंही रक्त तपासायला हवं होतं.

"तिला कशाला? माजी कावीळ तवाच उतरली की," गुरप्पा म्हणाले.

"कशावरून?"

"माळ पायातनं उतरली न्हवं का."

"गुरप्पा, उसाची ट्रॉली नुसती बघून तुम्ही वजन लिहिता?"

"न्हाय. काटा केल्याबिगर सोडत न्हाय."

 दुसऱ्या दिवशी गुरप्पा चेतनाला घेऊन स्वतःच आले.

तिच्या रक्तात विषाणू नव्हता. तिला लस टोचली. आता तिथे माझ्यासारखीच एक तयार होते आहे, आणि ती आजार न भोगताच विषाणूला ओळखणार आहे. मित्रांनो, माळ घालायची तर खुशाल घाला, पण रक्ताचाही काटा करा. आत आम्ही कितीही शूर असलो, तरी दवाखान्याची पायरी तुम्हालाच चढावी लागते.