चष्मिसच्या काळ्या काचा

त्या ड्रायव्हरशी बोहुनाचा उभा दावा होता, आणि त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नव्हता. दर शनिवारी औषधांच्या दुकानातून सुटली की ती कॅमेरा घेऊन खिंडीवरच्या टेकाडावर जाऊन बसायची. खालून चष्मिस यायचं. जुनं लाल डिझेल इंजिन, पुढच्या दोन तिरक्या काचांमुळे सगळा मुलूख त्याला हेच म्हणायचा. बाकीचे ड्रायव्हर फोटोवाले दिसले की चोरून का होईना, शिट्टी देतात. हा मेला कधीच नाही! खाली दवाखाना आहे, शिट्टीला बंदी आहे, हे तिलाही ठाऊक होतं; पण बंदी पाळतो कोण?

"दगड बसवलाय आत, दगड!" असं ती भेटेल त्याला सांगायची.

उद्या चष्मिसची शेवटची फेरी होती. स्टेशनवर फोटोंचं प्रदर्शन लावायचं ठरलं होतं, म्हणून गाड्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या क्लबचा अध्यक्ष, निवृत्त गणितमास्तर ओताकार, दुपारीच खानावळीत बिअर आणि लॅपटॉप घेऊन बसला होता. शेजारी बोहुना.

"क्षितिज बघ तुझं! गाडी घसरगुंडीवर बसलीय का?" ओताकारने फोटो सरळ केला, कडा छाटल्या. "आणि या काचा! काळ्याकुट्ट. आत भूत आहे की काय?"

"भूत परवडलं."

ओताकारने सावल्या उजळायची पट्टी हलकेच ओढली. काळ्या काचेतून आधी मिशी वर आली. मग टक्कल. मग टोपी उंच धरलेला हात.

"अगं, हा तर तुला टोपी काढून नमस्कार करतोय!"

"चल, काहीतरीच!"

दुसरा फोटो उघडला. डिसेंबरातला. मिशीवर नाताळबाबाची कापसाची दाढी! ईस्टरच्या फोटोत काचेला टेकवलेलं रंगवलेलं अंडं. बोहुना हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली. मग गेल्या उन्हाळ्यातला फोटो आला, आणि तिथून पुढे प्रत्येक फोटोत एकच गोष्ट: एका हाताच्या बोटांत अडकवलेले दोन कप.

"दोन कशाला रे?" बोहुनाने हळूच विचारलं.

"एक त्याचा. दुसरा काय इंजिनाचा?"

बोहुना कानापर्यंत लाल झाली. नवरा गेल्यापासून तिला कुणी कॉफीचं विचारलं नव्हतं, आणि ज्याने विचारलं त्याला ती वर्षभर शिव्या घालत होती. नाव नाही, गाव नाही. उद्यानंतर तो कुठल्या लाईनीवर जाईल, देव जाणे.

सकाळी अख्खा क्लब टेकाडावर उन्हाच्या बाजूला रांगेत उभा. या रांगेच्या पुढे जाणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो, हे शेंबडं पोरही जाणतं. बोहुना आली ती रिकाम्या गळ्याने.

"कॅमेरा कुठाय?" ओताकार ओरडला.

"घरी!"

"आज? वेड लागलं का तुला?"

"लागलंय!"

वळणावर चष्मिस दिसलं. कॅमेरे खटाखट वाजू लागले, आणि बोहुना धूम पळत सुटली ती थेट कुंपणापर्यंत, सगळ्यांच्या फोटोच्या बरोब्बर मध्ये. दोन्ही हातांत एकेक कप, आणि बाई नाचतेय!

"बाजूला हो गं भवाने!" क्लब एका सुरात किंचाळला.

तेवढ्यात त्या बंदीच्या खिंडीत चष्मिसने अशी शिट्टी फुंकली की दवाखान्यातले पेशंट खिडक्यांत आले. थांबतच नव्हती ती शिट्टी. बोहुना रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळेना.

गाडी खालच्या थांब्यावर उभी राहिली. ती धापा टाकत पोचली, तर मिशीवाला खाली उतरून दोन कप धरून उभा.

"मी ब्रझेत्या," तो म्हणाला. "कॉफी आणलीत?"

"मला वाटलं, तुम्ही आणाल!"

चार कप, आणि कॉफीचा थेंब नाही. गार्ड झेंडी दाखवून थकला, तरी दोघांचं हसू आवरेना.

दुपारी खानावळीत ओताकार लॅपटॉप उघडून फणफणत होता. "एकूणएक फोटोत तू! पुसून टाकतो तुला, मिनिटाचं काम."

"पुसून तर बघ!"

फोटोत विजेची तारसुद्धा न खपवून घेणारा माणूस तो. त्याने क्षितिज सरळ केलं, कडा छाटल्या, मिशी दिसेपर्यंत काचेतली सावली उजळली. बोहुनाला मात्र हात लावला नाही.