ठकी पास झाली

सासूबाईंपुढे मी केव्हाच हात टेकलेत. अडतीस वर्षं शाळेत शिकवलं, आता घरात शाळा भरवतात. विद्यार्थिनी एकच, माझी लेक, वय अडीच. आम्ही तिला ठकी म्हणतो.

ठकी बोलत नाही. हाक मारली तरी वळत नाही. म्हणून आठ महिन्यांपासून बालविकास केंद्रातल्या एक ताई आठवड्यातून दोनदा घरी येतात. त्या काही शिकवतच नाहीत, असं सासूबाईंचं ठाम मत. जमिनीवर बसतात, ठकीनं डबा आपटला की आपणही आपटतात आणि मग नुसती वाट बघतात. "ह्याचा पगार मिळतो?" सासूबाई विचारायच्या. पण त्या डबा आपटण्यातूनच ठकी गेल्या महिन्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी डोळ्यांत बघून थांबली. ताईंच्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ढसाढसा रडले.

आता केंद्राची वार्षिक तपासणी आली. ज्या मुलांना अजून गरज आहे त्यांच्याकडेच ताई पुढे जाणार, बाकीच्यांची जागा रांगेतल्या दुसऱ्या मुलाला. आठ महिन्यांपूर्वीच्या पहिल्या तपासणीचा, काय काय विचारलं त्याचा कागद आमच्या फायलीत होता. तो सासूबाईंच्या हाती लागला आणि झालं!

"आमच्या घरात आजवर कुणी नापास झालेलं नाही," त्या म्हणाल्या.

"अहो आई, ही परीक्षा नाहीये. तिला काय जमत नाही ते दिसलं तरच ताई येत राहतील."

"म्हणजे पोरीनं ढ दिसावं, अशी तुझी इच्छा?"

नवऱ्याकडे बघितलं, तर त्यानं मिठाची गुळणी धरलेली.

दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ तालीम चालली. सहा ठोकळ्यांचा मनोरा. बाहुलीचं नाक. मग कागदावरच्या क्रमानं डावीकडून तीन चित्रं मांडायची, कुत्रा, बूट, कप, आणि विचारायचं, "कुत्रा कुठाय?" पहिले चार दिवस सासूबाईच तिचं बोट धरून चित्रावर ठेवायच्या. पाचव्या दिवशी ते आपसूक गेलं. घरभर जल्लोष. मी ओरडून ओरडून थकले, पण ऐकतंय कोण!

तपासणीच्या दिवशी केंद्रात तपासणाऱ्या बाईंनी ठोकळे काढले. ठकीनं निमूट सहा रचले. बाहुलीच्या नाकावर बोट ठेवलं. बाईंनी चित्रं मांडली, कागदावर होती तशीच. "कुत्रा?" बोट बरोबर कुत्र्यावर. सासूबाईंचा ऊर भरून आला.

"छान प्रगती आहे," बाई खुणा करत म्हणाल्या. "हाक मारली की वळते का?"

"वळते ना!" नवरा बोलला. इतके दिवस गप्प, आणि तोंड उघडलं ते ह्यासाठी.

"मग आता घरी कुणी यायची गरज दिसत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खोटं बोलतोय तो," मी म्हणाले. "एकदाही वळत नाही. आणि कुत्राही तिला माहीत नाही. बघा."

मी चित्रांची जागा बदलली. कुत्रा उजवीकडे, बूट डावीकडे. "ठके, कुत्रा कुठाय?"

बोट डावीकडे गेलं. बुटावर. मी कप डावीकडे ठेवला. बोट कपावर. मग मी तिच्या मागे जाऊन तिला हाक मारली. एकदा, दोनदा, पाचदा. ती खुर्चीचा पाय बघत राहिली.

माझ्या पोरीला काय काय येत नाही हे मी परक्या बाईला एक एक करून दाखवत होते, स्वतःच्या हातानं. माझी मलाच शिसारी आली. बाईंनी खुणा खोडल्या, तीनदा विचारून नवीन लिहिल्या आणि म्हणाल्या, "ताई येत राहतील. वर्षभर."

बाहेर बाकावर नवरा बुटांच्या नाड्या बांधत बसला, सुटलेल्या नसतानाही. सासूबाई ठकीला घेऊन माझ्या शेजारी टेकल्या.

"इतकी वर्षं मुलं शिकवली गं," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झालेला. "मग हिला मी काय शिकवलं?"

खरं सांगते, मला दिसलं होतं. कुणाच्याही मांडीवर दोन मिनिटं न टिकणारी पोर ह्या दोन आठवड्यांत सासूबाईंना चिकटून अर्धा अर्धा तास बसायला लागली होती. आत्ताही त्यांच्या पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. माझ्याजवळ ती अशी कधीच बसली नाही. एवढं बोलले असते तर सासूबाईंचा जीव भांड्यात पडला असता.

"काही नाही," मी म्हणाले.