भरतीचा नमुना

पाणी कधीही खोटं बोलत नाही. माणसं बोलतात, नकाशे बोलतात, रंगीत पत्रकं तर त्यासाठीच छापलेली असतात. पण पाणी नाही. आमच्या हौशी नाविक मंडळाच्या सभेत मी उभं राहून हे म्हणालो तेव्हा टाळ्या पडल्या, आणि तिसऱ्याच आठवड्यात पाण्याने प्रयोगशाळेच्या शिक्क्यानिशी लेखी खोटं बोलून दाखवलं.

झालं असं, की बंदराचं नूतनीकरण करायला एक कंपनी आली. तिच्या पत्रकातलं पाणी इतकं निळं होतं की ते आपलंच बंदर आहे हे आमच्यापैकी एकालाही ओळखता आलं नाही. आमचं पाणी चहाच्या रंगाचं. तेही दुसऱ्यांदा उकळलेल्या. कंपनीच्या उंच इमारती शेजारी आधीच उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांचं सांडपाणी नाल्यातून थेट आमच्या धक्क्याशी यायचं. ओली दोरी ओढली की तळहातांना खाज सुटायची. मी होडीवरून परतलो की बायको दारातच माझे हात हुंगायची आणि मग आत घ्यायचं की नाही ते ठरवायची.

नियम असा होता: पाणी खराब निघालं तर आधी नाल्याचा बंदोबस्त, मग बांधकाम. चांगलं निघालं तर आमची हरकत निकालात, आणि आमच्या सतरा होड्यांनी धक्का सोडायचा. म्हणून नमुना घ्यायला कंपनीचा माणूस नको, आपला हवा, यावर मी हटून बसलो. आपला म्हणजे माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, आणि बावीस वर्षं माझ्या होडीचा अर्धा मालक. ठरावही मीच लिहिला: ‘बंदराच्या पाण्याचा नमुना घेण्यात यावा.’ नमुन्याच्या दिवशी मी होडी धुऊन ठेवली, बाटल्या मांडल्या आणि त्याच्या थर्मासमध्ये चहा भरून दिला. आलं घालून.

मग एका दुपारी त्याने अहवाल मंडळाच्या कचेरीत आणून ठेवला आणि घाईत निघून गेला. पाणी उत्तम. पोहण्यास योग्य. अध्यक्ष पेशाने दातांचे डॉक्टर, त्यांनी तो दोनदा वाचला आणि स्वतःच्या तळहाताकडे बघत म्हणाले, “मग ही खाज काय मनाची आहे?”

मी पोस्टात छत्तीस वर्षं काढली. असा माणूस कागदावरचा मजकूर शेवटी वाचतो, आधी तारीख आणि वेळ बघतो. नमुना घेतल्याची वेळ: सकाळी अकरा चाळीस. भिंतीवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात त्या दिवसाची पूर्ण भरती होती अकरा बावन्नला. भरतीला समुद्र आत येतो, नाल्याचं तोंड बुडतं, घाण मागे रेटली जाते. तेव्हा बाटलीत भरतं ते बंदराचं पाणी नसतं. दोन घटका आलेलं पाहुणं पाणी असतं. नमुना ओहोटीला घ्यायचा हे आमच्या मंडळात सगळ्यांना इतकं पक्कं माहीत होतं की ते लिहावं असं कोणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

मग मी अहवालाचा लिफाफा उलटवला. मेहुण्याच्या पत्त्यावर पोचल्याचा शिक्का पाच दिवसांपूर्वीचा होता. फेरतपासणी मागायची मुदत कालच संपली होती.

मेहुणा धक्क्यावर होता. आमच्या होडीतून आपली टोपी, उशी आणि दुर्बीण काढून पिशवीत भरत होता.

“चूक झाली का रे?” मी विचारलं. मला मनापासून ती चूकच हवी होती.

“कसली चूक, भाऊजी?”

“अकरा चाळीसला भरती होती.”

“ठरावात वेळ कुठे लिहिली होती?”

“तुला माहीत नव्हती?”

“माहीत असणं वेगळं, ठराव वेगळा. वाक्य तुमचंच आहे. छान आहे हं, सुटसुटीत.”

“आणि लिफाफा? पाच दिवस काय उबवत बसला होतास?”

तो पिशवीच्या बंदाशी खेळत राहिला. मग म्हणाला, “नव्या धक्क्यावर जागा मिळतेय, भाऊजी. पहिल्या रांगेत.”

“आपल्या होडीला?”

“लाकडी चालत नाहीत त्यांना. मी फायबरची बघितलीय. ही तुम्हाला राहू दे. अख्खी.” जणू मलाच काही देत असल्यासारखं तो म्हणाला. “फक्त ताईला सांगू नका.”

“का? हात हुंगेल म्हणून?”

मला वाटलं होतं, राग येईल. आला तो चहाचा विचार. खोटी बाटली भरून झाल्यावर, माझ्याच होडीत बसून, याने तो प्यायला असणार. आलं बरोबर पडलंय असंही वाटलं असेल त्याला.

“ऐक,” मी म्हणालो. आवाज चढला तसे अध्यक्षांसकट धक्क्यावरचे सगळे वळले. “तुझ्या ताईशी माझं लग्न झालंय, ते राहील. पण तू आजपासून माझा कोणी नाहीस. समोरून आलास तरी ओळख दाखवणार नाही. तुझ्याशी बोलायचं माझं शेवटचं वाक्य हेच.”

बोललो ते अगदी मनासारखं झालं. पुढची दोरी स्वतः सोडून मी शिडीवरून होडीत उतरलो आणि मागे न बघता इंजिन सुरू केलं. पलीकडच्या खाडीत होडी नेऊन लावायची, पुन्हा या धक्क्याचं तोंड बघायचं नाही, हे नक्की केलं होतं. इंजिन गरजलं. मागे काळं पाणी उसळलं आणि त्या वासाने अध्यक्षांनी नाक दाबलं. होडी मात्र जागची हलेना.

बावीस वर्षं इंजिन माझं होतं आणि मागची दोरी त्याची.

ओहोटी पूर्ण लागली होती. होडी धक्क्याच्या बरीच खाली गेली होती आणि दोरीची गाठ वर खुंट्याला, माझ्या हाताच्या टप्प्याबाहेर. पुढची दोरी सुटल्याने होडीचं तोंड फिरलं होतं आणि शिडी लांब राहिली होती. तो पिशवी खांद्याला लावून त्या खुंट्यापाशीच उभा होता. सगळे बघत होते.

मी घसा साफ केला.

“अरे,” मी म्हणालो, “तेवढी मागची दोरी सोड.”