सारखे चौकोन

ही २०१८ सालची गोष्ट. तेव्हा मी सत्तरीची होते आणि हमरापुरातल्या आमच्या कारखान्यात गणपतीचे डोळे माझ्याशिवाय कोणी आखत नव्हतं.

पण डावा पाय साथ देईना. दिवसभर पाय खाली सोडून बसायचं, संध्याकाळी तो मडक्यासारखा फुगायचा. घोट्यावरची कातडी काळी पडून खाजायची. तिथली जखम दोन वर्षं भरत नव्हती.

"आये, यंदा आखणी सुजय करील," माझा मुलगा निलेश म्हणाला. सुजय आमचा रंगारी.

"त्याच्या गणपतीला झोप आल्यागत दिसतं."

"आणि तुझ्या पायाला वास येतो. गिऱ्हाईक नाक धरतं."

मी पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

सून किमया मला रोह्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी यंत्राने पायाची नाडी ऐकली, रक्त खाली नीट पोचतंय याची खात्री केली आणि सिस्टर नफिसाकडे पाठवलं. तिने बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत ताणाची पट्टी बांधली. "रक्त खाली येतं, पण वर चढत नाय. पट्टी त्याला वर ढकलते. सकाळी खाटेवरून उतरायच्या आधी बांधायची."

आठवडाभर किमयाने बांधली. मग ती गडब गावी माहेरी गेली आणि माझी मीच बांधली. माझं माहेर मिठागरावरचं. पायाला बांधायचं म्हणजे साप चावल्यावर जुनी माणसं बांधायची तेवढंच ठाऊक. गुडघ्याखाली करकचून, खाली सैल. दुसऱ्या दिवशी पाय निळा पडला. निलेशने तसंच रोह्याला नेलं.

"काय गो आजी, साप चावला व्हता काय?" नफिसाने विचारलं.

"बास झालं आता," निलेश म्हणाला. "आखणी सुजयलाच देतो."

नफिसाने नवी पट्टी माझ्यापुढे धरली. "ह्या लांबट खुणा बघ. ताणल्यावर त्यांचे बरोबर चौकोन झाले की ताण बरोबर. घोट्यापासून वरपर्यंत सारखे. घोटा बारीक, तिथं दाब आपोआप जास्त पडतो."

मी पट्टी तिच्या हातातून घेतली. दोन डोळे सारखे काढण्यात माझं आयुष्य गेलेलं. बांधून झाल्यावर नफिसाने वाकून एकेक चौकोन पाहिला.

"आमच्या पोरींना जमत नाय असं. शिकलीस कुठं?"

"गणपतीच्या डोळ्यांवर," मी म्हटलं आणि निलेशकडे पाहिलं.

घरी आल्यावर माझ्या बैठकीपुढे त्याने पाय ठेवायला उंच चौरंग आणून ठेवला.

श्रावणात जखम भरली. त्या साली एकूण एक डोळे मी आखले.

नफिसा पुढे लग्न करून कतारला गेली; अजून फोनवर माझ्या पायाचा फोटो मागते. सुजयने स्वतःचा कारखाना काढला, त्याचे गणपती आता बऱ्यापैकी जागे असतात. डॉक्टरांनी तपासून पाठवलेल्या गावातल्या बायकांना किमया पट्टी बांधून देते. उभं राहून राहून निलेशच्याही पायाच्या शिरा फुगल्या. रोज सकाळी तो कुरकुरत दाबाचा मोजा चढवतो आणि मी सुरकुती राहिली का ते बघते. मोठ्या मूर्तींचे डोळे अजून माझ्याकडेच असतात.