सभासद क्रमांक एकेचाळीस

आपल्याला लिहिता येतं, असा माझा लहानपणापासूनचा समज. वालचंदनगरच्या शाळेत निबंधाचं पहिलं बक्षीस दर वर्षी माझं. वडील तो निबंध घडी घालून खिशातून कंपनीत न्यायचे आणि जेवणाच्या सुट्टीत चार लोकांना वाचून दाखवायचे. त्यामुळे बारामतीला एम.ए.साठी समाजशास्त्र घेतलं, तेव्हा लघुप्रबंध म्हणजे आपल्या हातचा मळ, असं मी धरूनच चालले होते. तो तोरा पहिल्याच प्रकरणात उतरला.

माझ्या मार्गदर्शक शाहीन मुलाणी मॅडम. शांत बाई, आवाज कधी चढवत नाहीत, पण त्यांच्याकडे हिरव्या शाईचं पेन असतं. माझं पहिलं प्रकरण परत आलं तेव्हा जवळजवळ प्रत्येक वाक्याशेजारी एकच प्रश्न लिहिलेला होता. 'ग्रामीण स्त्री ही कुटुंबाचा कणा आहे.' हे कुणी सांगितलं? 'दुग्धव्यवसायामुळे महिलांचे सक्षमीकरण झाले आहे.' हे कुणी सांगितलं? मला भयंकर राग आला. जे सगळ्या जगाला माहीत आहे ते कुणी सांगायला कशाला लागतं, म्हणून मी मैत्रिणींजवळ चरफडले. मॅडमचं म्हणणं एवढंच होतं, की नटवलेलं वाक्य कुठलं आणि खरं वाक्य कुठलं हे तुझं तुला कळेपर्यंत आपण पुन्हा लिहू. मी तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा हिरवं होऊन परत आलं.

विषय होता पणदऱ्यातल्या दूध घालणाऱ्या बायका. गाय घ्यायची की विकायची हे घरात कोण ठरवतं, ते साठ जणींना भेटून विचारायचं आणि साठ प्रश्नावल्या भरायच्या. तिथल्या एका डेअरीच्या सचिवांनी, विजयसिंहदादांनी, मला सभासद बायकांची यादी दिली, गावात निरोप धाडला आणि संकलन केंद्राच्या दारात खुर्ची टाकून दिली. चार दिवस सकाळी मी मन लावून काम केलं. अडतीस झाल्या. पण बहुतेक जणी एकच सांगायच्या, की मालक म्हणतील तसं. मला कंटाळा आला. पाचव्या दिवशी मी अर्धा तास खुर्चीवर बसून फोन बघितला आणि बस चुकेल असं स्वतःलाच सांगून उठले. उरलेल्या बावीस प्रश्नावल्या मी घरी, कंपनीच्या क्वार्टरच्या पायरीवर बसून, चहा पीत भरल्या. नावं यादीतून घेतली, वयं अंदाजाने टाकली. मधेमधे पेनही बदललं, इतकी मी हुशार.

त्यांतलीच एक सभासद क्रमांक एकेचाळीस, प्रयागबाई गेणबा. वय बावन्न लिहिलं. सगळ्यांची उत्तरं सारखी दिसू नयेत म्हणून हिला जरा ठसकेबाज केलं. 'गाय माझी आहे. ठेवायची की विकायची ते मी ठरवते आणि मग मालकांना सांगते,' हे वाक्य तिच्या तोंडी घातलं. शिवाय रांगेत उभं राहून ती कशी हसली, पदराला हात कसे पुसले, तेही पाहिल्यासारखं लिहिलं. लिहून झाल्यावर दोनदा वाचलं आणि स्वतःवरच खूश झाले.

त्या पानावर हिरवी शाई आली नाही. उलट मॅडमनी तो परिच्छेद वर्गात वीस जणांसमोर मोठ्याने वाचला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, इथे राजलक्ष्मी कुठेच मिरवत नाही, ती बाई दिसते. संशोधनाचं लेखन असं करायचं असतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. वर्षभर ज्या कौतुकासाठी जीव टाकत होते ते मला मिळालं आणि माझे कान तापले. मी मान खाली घातली. मैत्रिणीला वाटलं मी लाजतेय, तिने कोपराने ढोसलं. मला तिचा हात झटकून वर्गाबाहेर पळावंसं वाटलं, पण मी बसून राहिले.

तास संपल्यावर मॅडमनी मला थांबवलं. तोंडी परीक्षेआधी या प्रयागबाईंना त्यांना स्वतःला भेटायचं होतं. शनिवारी सकाळी दोघी जाऊ, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. मी बरं म्हणाले.

शुक्रवारी दुपारी मी एकटीच पणदऱ्याची एसटी धरली. बेत असा, की प्रयागबाईला आधीच गाठायचं, प्रश्नावली आता खरोखर भरून घ्यायची आणि जमलं तर तेच वाक्य तिच्याकडून वदवून घ्यायचं. म्हणजे खोटं खरं होईल आणि कुणाला पत्ता लागणार नाही. हे लिहिताना आजही हात आखडतो, पण त्या दिवशी बसमध्ये मी एवढाच विचार करत होते.

डेअरी बंद होती. घर विचारत विचारत गेले. उसाच्या कडेला पत्र्याचा गोठा, त्यात चार जर्सी गायी, आणि एक चाळिशीची बाई त्यांना वैरण टाकत होती. प्रयागबाईंना भेटायचंय म्हटल्यावर तिचे हात थांबले.

"आत्याबाईंना जाऊन सहा वर्सं झाली," ती म्हणाली. "मी लीलाबाई. त्यांची सून."

सासूला आत्याबाई म्हणायची तिकडे रीत आहे. डेअरीत नाव बदलायचं राहून गेलं होतं, त्यामुळे दूध सून घालत होती आणि क्रमांक सासूचाच चालू होता. म्हणजे मी एका मेलेल्या बाईला बावन्न वर्षांची केलं, हसवलं, बोलायला लावलं आणि वर तिच्या नावावर टाळ्या घेतल्या. धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात, ते मला त्या गोठ्यासमोर उभी असताना अगदी खरोखर वाटलं.

लीलाबाईंनी बाज पुढे केली, पाणी दिलं आणि काम विचारलं. मी कॉलेजचं नाव सांगितलं आणि तुमच्या आत्याबाईंविषयी थोडं लिहिलंय, असं पुटपुटले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. वाचून दाखवता का, म्हणाल्या. कागद पिशवीत होते, आणि नाही म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती. मी वाचलं. त्या हात मांडीवर ठेवून, एखादी पोथी ऐकावी तशा ऐकत होत्या. 'गाय माझी आहे' या वाक्यापाशी त्यांनी गोठ्याकडे पाहिलं.

"आत्याबाईंची गाय इकली तवा त्या तीन दिस जेवल्या न्हाईत," त्या म्हणाल्या. "त्यास्नी कुणी इचारलंच न्हाय. असं बोलल्या असत्या तर लई बरं झालं असतं."

मी कागद मिटले. हे सगळं मी मनाने लिहिलंय, असं एकदाचं सांगून टाकलं. लीलाबाईंनी मान हलवली. त्यांना ते ऐकतानाच कळलं असणार. मग, जरासुद्धा न रागावता, त्या बोलल्या.

"तुमी खुर्चीवर बसला व्हता त्या दिशी मी रांगंत व्हते. कालिजची ताई इचारणार हाय, असा दादांचा निरोप व्हता. काय सांगायचं ते मी वाटंनं जुळवत आले. माझा नंबर येस्तोवर तुमी उठून गेला."

त्या भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी चुकले, चुकले म्हणत उठले, चपला नीट न घालताच रस्त्याला लागले आणि मिळाली त्या गाडीने बारामतीला आले. सरळ मॅडमच्या केबिनमध्ये गेले. बावीस प्रश्नावल्या, पायरी, चहा, बदललेली पेनं, मेलेली प्रयागबाई, सगळं रडत रडत सांगितलं. आणि खरं सांगायचं तर सांगता सांगता मला थोडं हलकंही वाटू लागलं होतं. कबूल करतेय म्हणजे आपण अगदीच वाईट नाही, अशी मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटत होते.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या बावीस रद्द होतील, या सत्रात प्रबंध जाणार नाही आणि विभागाला हे त्यांना लेखी कळवावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांना लागलंय. वीस जणांसमोर त्यांनीच तो परिच्छेद वाचला होता. मग पेनाचं टोपण लावता लावता त्यांनी विचारलं.

"लीलाबाई काय सांगणार होत्या?"

 मी विचारलंच नव्हतं. त्या बाईच्या दारात बसले, तिचं पाणी प्याले, तिला खोटं वाचून दाखवलं, माझ्या चुकीसाठी रडले, आणि दुसऱ्यांदा तिचं न ऐकता उठून आले. खोट्या प्रश्नावल्यांची लाज वाटतच होती, पण या एका प्रश्नाने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम एवढंच म्हणाल्या, की उद्या मी येत नाही, तू जा.

त्या रात्री मैत्रिणीच्या खोलीवर राहिले आणि पहिल्या एसटीने पणदऱ्याला पोचले. विजयसिंहदादांनी खुर्ची पुढे केली, ती मी घेतली नाही. किटल्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांच्या मागे रांगेत उभी राहिले. पुढे मापावरच्या माणसाने एकेचाळीस, प्रयागबाई, अशी हाक दिली आणि लीलाबाईंनी दूध ओतलं. वळल्यावर त्यांना मी दिसले. मी कोरी प्रश्नावली काढली आणि त्या दिवशी तुम्ही काय सांगणार होता, ते विचारलं. 

लीलाबाईंनी रिकामी किटली खाली ठेवली. माझ्या हातातल्या कागदाकडे, मग पेनाकडे पाहिलं.

"आदी नाव लिवा," त्या म्हणाल्या. "तितं डेरीच्या वहीत आत्याबाईंचं हाय, ते ऱ्हाऊ द्या. हितं माझं लिवा. मंग सांगते."

मी लिहिलं.