भिंगरीच्या ट्रिगरची खरखर

आमच्या घरात दोन नेमबाज आहेत, माझी बायको आणि माझी धाकटी बहीण, आणि संघात जागा एकच उरली होती. त्यामुळे तो अख्खा महिना मी घरात तोंड फक्त जेवायला उघडत होतो. बायकोची बाजू घ्यावी तर बहीण फुगते, बहिणीची घ्यावी तर बायको गप्प होते, आणि ते फुगण्यापेक्षा वाईट. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी, चष्म्याचा दुकानदार, ज्याने जत्रेतले फुगेसुद्धा कधी धड फोडले नाहीत.

बहिणीला आम्ही भिंगरी म्हणतो. का ते तिला दोन मिनिटं बघितलं की कळतं. तिच्या एअर पिस्तुलाचा ट्रिगर ओढताना मधे किंचित खरखर लागायची. पहिला हलका टप्पा संपून दुसरा सुरू होतो तिथेच, दाताखाली वाळूचा कण यावा तशी. त्या खरखरीनं तिचं डोकं खाल्लं आणि तिनं आमचं. "वहिनी, घासून दे ना." "वहिनी, कधी देतेस?" उठता-बसता हेच.

वहिनी म्हणजे माझी बायको. नेमबाज आहेच, पण क्लबातल्या सगळ्यांची पिस्तुलं दुरुस्तही तीच करते. तिनं बजावलं होतं, "अगं, तुझं बोट त्या खरखरीपाशी क्षणभर थांबतं. तेवढ्यात तुझा हात स्थिरावतो. ती गेली तर थांबणार कुठे तू?"

"थांबेन मी. मी काय लहान आहे?"

"माझ्याही पिस्तुलात आहे. मी हात लावत नाही तिला."

"तुझं तू बघ. माझं घासून दे."

शेवटी बायको बसली. डोळ्याला भिंग, हातात बारीक दगड, समोर ट्रिगरचे सुटे भाग. घासून, पुसून, जोडून झाल्यावर तिनं नियमातलं वजन ट्रिगरला अडकवून पिस्तूल वर उचललं. ट्रिगर सुटला नाही, म्हणजे फार हलका झालेला नव्हता. भिंगरीनं रिकामा ट्रिगर ओढून बघितला आणि "लोणी!" असं ओरडून वहिनीच्या गळ्यात पडली.

त्या लोण्यावरून मग तिचं बोट घसरायला लागलं. हात स्थिर व्हायच्या आत छर्रा निघून जायचा. तिचे गुण रोज उतरत होते आणि पारा रोज चढत होता. "परत घाल ना खरखर," असं ती एकदा म्हणाली. घासलेलं लोखंड परत येत नाही, एवढंच बायको बोलली. तेव्हापासून भिंगरी वहिनीकडे बघेनाशी झाली. मला वाटलं, निवड झाली की निवळेल. माझं हे नेहमीचंच, झाकून ठेवलं की शिजतं असं मला वाटतं, करपतंही हे लक्षात येत नाही.

निवडीच्या दिवशी तयारीच्या खोलीत सगळ्या मुली पेट्या उघडून बसल्या होत्या. प्रशिक्षक होते, पंच होते, दोघींच्या पेट्या उचलून आणलेला मी होतो. आणि भिंगरी एकदम मोठ्यानं म्हणाली, "वहिनी, माझं घासलंस, मग स्वतःचं का नाही घासलंस? जागा एकच आहे म्हणून?"

सगळ्या जणी आपापल्या पेटीत काहीतरी शोधायला लागल्या.

"अगं, काय बोलतेस!" मी म्हणालो.

"दादा, तू मधे पडू नकोस."

बायकोचा चेहरा पांढरा पडला. तिनं पेचकस काढला. दोघींची पिस्तुलं एकाच बनावटीची, फक्त लाकडी मूठ जिच्या-तिच्या हाताच्या मापाची. ती एका स्क्रूवर निघते. तिनं दोन्ही मुठी काढल्या, अदलाबदल करून बसवल्या आणि आपलं खरखरीचं पिस्तूल भिंगरीपुढे धरलं.

"घे. दोन्ही पंचांकडून पुन्हा तपासून घेऊ, चल."

भिंगरीनं घेतलं. नको म्हणाली नाही. मला तिची लाज वाटली आणि तिनं घेतलं म्हणून जरा बरंही वाटलं. दोन्ही एकदमच.

पुढे प्रेक्षकांत माझी जी तगमग झाली ती शत्रूचीही होऊ नये. बहिणीचा छर्रा मधोमध बसला की टाळ्या वाजवायला हात वर जायचे आणि तसेच मानेकडे वळायचे. पाणी पिऊन आलो, परत पाणी पिऊन आलो. "अहो, बसा की एका जागी," मागचा माणूस खेकसला. बायको पिस्तूल उचलायची, न मारता खाली ठेवायची, पुन्हा उचलायची. अनोळखी ट्रिगर दोनदा तिचा हात स्थिरावायच्या आत सुटला, तिचा खांदा दचकला ते मला दिसलं. तरी शेवटाला दोघी बरोबरीत आल्या. बरोबरी फोडायला एकेक छर्रा दिला, तो बायकोचा पुन्हा आधीच सुटला. भिंगरीचा नाही.

बायको मागच्या पॅसेजमध्ये पेटी आवरत होती.

"मुद्दाम हरलीस का?" मी हळूच विचारलं.

तिनं असं बघितलं की मी मागे सरकलो. "मुद्दाम? जीव तोडून मारत होते मी. मला हवी होती ती जागा. तिच्याइतकीच हवी होती."

"मग दिलंस कशाला?"

"न देता जिंकले असते, तर त्या खोलीतली कोण पुन्हा माझ्या हातात पिस्तूल देणार होती? आणि घरात तिनं किंवा तुम्ही, कुणीतरी कधीतरी म्हटलंच असतं." तिनं पेटीचं झाकण लावलं. "तिनं विचारलं ना, तेव्हाच माझी जागा गेली."

मी कधीच म्हणालो नसतो, असं सांगायला तोंड उघडलं. पण तसं छातीठोकपणे सांगता येईना.

तेवढ्यात भिंगरी धावत आली, हसत, रडत, दोन्ही हात पसरून. वहिनीचा चेहरा बघून मधेच थांबली.

"मूठ बदलून घेऊ या?" ती म्हणाली. "तुझं तुला देते."

"राहू दे. संघात तुला तेच लागेल. तुझ्या लोण्यावर थांबायला मी शिकेन."

"वहिनी... रागावलीस?"

"हो," बायको म्हणाली. "आणि पुढच्या वेळी असं काही विचारायचं असलं, तर घरी विचार."